बामियानच्या वाटेवरचा उसना भाऊ

पत्राचा आशय :

कोल्हापुरातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या, अडतीस वर्षांच्या वाचक भगिनींचे हे पत्र आहे. पतीचा उद्यमनगरात लहानसा कारखाना आहे, मुलगी अकरा वर्षांची आहे आणि सासूबाई सोबत राहतात. लेणी हा पत्रलेखिकेच्या अभ्यासाचा विषय. जोतिबाच्या वाटेवरच्या पोहाळ्यापासून अजिंठ्यापर्यंत त्यांनी बरेच काही पाहिले आहे आणि अफगाणिस्तानातील बौद्ध लेण्यांचे बामियान पाहण्याची इच्छा गेली पंधरा वर्षे मनात आहे. येत्या सप्टेंबरात पुण्याचे दोन पुरुष अभ्यासक आणि एक मैत्रीण यांच्याबरोबर जाण्याचे ठरते आहे. काबूलमधला वाटाड्या व्हॉट्सॲपवर ‘शंभर टक्के सुरक्षित’ असे सांगतो. पतीने स्पष्ट नको म्हटले आहे आणि सासूबाई म्हणतात, ‘त्या लोकांत कशाला जायचं?’ म्हणून घरी उझबेकिस्तानला जाते असे सांगावे आणि तिर्मिझवरून सीमा ओलांडून पलीकडे जावे, असे त्यांच्या मनात आहे. ‘माझे माहेर शिरोळ तालुक्यातले. मोहरमचा मलिदा खात मी वाढले, मुसलमानांच्या रीतीभाती मला परक्या नाहीत. शिवाय भारतीय म्हटले की तिकडची माणसे जीव लावतात. मला कोणाची परवानगी नको आहे, पाठिंबा हवा आहे,’ असे त्या लिहितात. हे वेडेपण आहे का, तिथे वागावे कसे, घरी काय सांगावे, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. शेवटच्या ओळीत चौथा प्रश्न आहे : वाटाड्या म्हणतो की कागदोपत्री सोबतच्या एका पुरुषाला माझा भाऊ दाखवू. त्याला हो म्हणावे का?

उत्तर :

नमस्कार.

तुमचा चौथा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारल्यासारखा लिहिला आहे. मी मात्र तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या तीन प्रश्नांचा पीळ मला त्याच गाठीत दिसतो.

वाटाड्या ज्याला भाऊ म्हणतो आहे, त्याला तिकडच्या नियमांत ‘महरम’ म्हणतात. ज्याच्याशी त्या स्त्रीचा विवाह धर्माने कायमचा निषिद्ध आहे असा पुरुष, म्हणजे वडील, सख्खा भाऊ, मुलगा, काका, मामा, आणि अर्थात पती. चुलतभाऊ किंवा मामेभाऊ यात बसत नाही, कारण त्याच्याशी निकाह होऊ शकतो. (पश्चिम महाराष्ट्रातल्या आपण माणसांनी याचे फारसे आश्चर्य मानू नये, मामाच्या मुलीवर पहिला हक्क सांगणारी घरे आपल्या पंचक्रोशीतही कमी नाहीत.) डिसेंबर २०२१ मध्ये तालिबान सरकारने फर्मान काढले की ७२ किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात स्त्रीबरोबर जवळचा पुरुष नातेवाईक असलाच पाहिजे. काबूलहून बामियान दीडशे किलोमीटरांहून लांब आहे आणि तुम्ही तर उत्तर सीमेवरून येणार आहात, म्हणजे अंतर त्याहून कितीतरी जास्त. परदेशी स्त्रियांच्या बाबतीत नाक्यांवर पुष्कळदा डोळेझाक होते, हे खरे आहे. पण ती नाक्यावरच्या माणसाची त्या दिवसाची मर्जी असते. आज ज्याने हात हलवून गाडी पुढे सोडली, त्याच्या जागी उद्या दुसरा उभा असतो.

आता तुमचा पासपोर्ट काढून शेवटचे पान उघडा. तिथे वडिलांचे नाव छापलेले आहे. पुण्याच्या सहप्रवाशाच्या पासपोर्टवरही त्याच्या वडिलांचे आहे, आणि ती दोन नावे एक नाहीत. नाक्यावरच्या कोणा चौकस माणसाने ती दोन पाने शेजारी शेजारी धरली, की तुमचे भाऊबहिणीचे नाते तिथेच संपते. मग काय होईल? तुम्ही परदेशी आहात, तेव्हा बहुधा चौकशी, अडवणूक, एखादी भयाण रात्र आणि परत पाठवणी. ज्याने हे नाते कागदावर लिहिले तो वाटाड्या आणि गाडी चालवणारा माणूस मात्र तिथलेच रहिवासी आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये ३५ कलमांचा जो सदाचाराचा कायदा तिथे जाहीर झाला, त्यात वाहनचालकांसाठी स्वतंत्र कलम आहे : महरम सोबत नसलेल्या स्त्रीला गाडीत घ्यायचे नाही. म्हणजे प्रवास तुमचा असला तरी गुन्हेगार ठरतो तो चालक. तुम्ही कोल्हापुरात परत येऊन कॉलेजात शिकवायला लागाल, तेव्हा तो कुठे असेल, हे तुम्हाला कळायला मार्गही नसेल.

म्हणून चौथ्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्यात मला कोणतीही सूट दिसत नाही. वाटाड्याचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. पर्यटक आला तर त्याच्या घरची चूल पेटते आणि त्यासाठी तो स्वतःची मान अडकवायला तयार आहे, एवढेच त्याचे म्हणणे आहे. ती अडकवू द्यायची की नाही, हे मात्र तुम्हाला ठरवायचे आहे. त्याच्या ‘शंभर टक्के’विषयीही असेच आहे. चाळीस वर्षे लढाई पाहिलेल्या माणसाचे ‘सुरक्षित’ आणि रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या माणसाचे ‘सुरक्षित’ एका मापाने मोजता येत नाही. तो खोटे बोलत नाही. त्याचे माप निराळे आहे.

तुम्ही धोक्याचा विचार केला आहे, पण तो ‘माझे काय होईल’ एवढाच केलेला दिसतो. २०१९ चा महापूर तुमच्या माहेरच्या माणसांनी भोगला आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. माझा भाचा तेव्हा शिरोळकडे बोटीवर मदतीला होता. एका दुपारी त्यांची बोट पूर पाहायला आणि मोबाइलवर चित्रण करायला गेलेल्या दोघा तरुणांना एका गोठ्याच्या पत्र्यावरून उतरवण्यात गुंतली. दोघे धडधाकट होते, हसत होते आणि बोटीत बसल्यावरही त्यांचे चित्रण चालूच होते. तोवर पलीकडच्या वस्तीत एक म्हातारे जोडपे कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. भाचा आजही त्या दोघा तरुणांवर चिडत नाही. ‘त्यांना वाटलं, बुडालो तर आपण बुडू,’ एवढेच म्हणतो. तुम्ही त्या दोघांसारख्या नाही, हे मला माहीत आहे. तुमच्यामागे पंधरा वर्षांचा अभ्यास आहे. पण धाडस करणाऱ्याचा हिशेब पुष्कळदा त्याच्या स्वतःपाशीच थांबतो, आणि तुमचाही थांबला आहे असे पत्र वाचताना मला वाटले.

१७ मे २०२४ रोजी बामियानच्या बाजारात पर्यटकांवर गोळीबार झाला आणि तीन स्पॅनिश प्रवासी मारले गेले. इस्लामिक स्टेटने त्याची जबाबदारी घेतली. जगभरच्या बातम्यांत हे तिघे आले. त्यांच्यासोबत अफगाण माणसेही मेली, ती बहुतेक बातम्यांत एका ओळीपुरतीच राहिली. ‘भारतीय म्हटले की जीव लावतात’ हा तुमचा अनुभवांवर आधारलेला विश्वास मी खोडून काढणार नाही. चहाच्या टपरीवर, बाजारात, गाडीत तो खरा ठरेल. पण काबूलच्या भारतीय दूतावासासमोर २००८ मध्ये जो स्फोट झाला, तो भारतीयांना लक्ष्य करूनच घडवला गेला होता. सामान्य माणसाचे प्रेम आणि हल्लेखोराचे लक्ष्य या दोन गोष्टी एकाच बाजारपेठेत एकाच वेळी नांदू शकतात.

आता सासूबाईंच्या ‘त्या लोकां’कडे येते. त्यांचे वाक्य तुम्हाला टोचले, ते योग्यच आहे. पण तुमचे ‘मुसलमानांच्या रीतीभाती मला परक्या नाहीत’ हे वाक्यही मला त्याच घडणीचे वाटते. सासूबाई सगळ्यांना एकत्र करून घाबरतात आणि तुम्ही सगळ्यांना एकत्र करून निर्धास्त होता. कुरुंदवाडच्या मशिदीत गणपती बसतो, बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणेशाचे शिल्प आहे, पंजांपुढे आपण सगळेच वाकतो. हे सारे खरे आणि मला प्रिय आहे. ते आपल्या मातीत, कित्येक पिढ्यांच्या शेजारातून घडले आहे. त्यावरून बामियानचा अंदाज बांधणे म्हणजे जोतिबाची चैत्रयात्रा पाहिली म्हणून केदारनाथची वाट ओळखीची आहे असे म्हणण्यासारखे होईल.

बामियानचे बहुसंख्य लोक हजारा आहेत, शिया पंथाचे, फारसीची हजारगी बोली बोलणारे. काबूलमध्ये सत्तेवर असलेली मंडळी प्रामुख्याने पश्तून आणि सुन्नी आहेत आणि इस्लामिक स्टेटवाले तर शियांना मुसलमान मानायलाच तयार नसतात. याच बामियान प्रांतावर २००५ पासून काही वर्षे हबीबा सराबी या राज्यपाल होत्या. त्या देशातल्या त्या पहिल्या महिला राज्यपाल. तिथल्या मुली २०२१ पूर्वी डोंगरउतारावर बर्फात स्की करत, सायकली चालवत. जवळच्या बंद-ए-अमीर सरोवरांच्या राष्ट्रीय उद्यानात जायला त्याच प्रांतातल्या बायकांना ऑगस्ट २०२३ मध्ये बंदी झाली. तेव्हा ‘तिकडचे कर्मठ रीतिरिवाज’ असे आपण सरसकट म्हणतो, त्यात घरची रीत किती, धर्म किती आणि वरून आलेला हुकूम किती, हे वेगळे काढावे लागते. यजमानीण डोक्यावरून ओढणी घेते ती रीत असेल. तिची मुलगी सहावीनंतर शाळेत जात नाही तो हुकूम आहे. त्या हुकुमाला रीत समजून तुम्ही त्या मुलीपुढे समजूतदारपणे मान डोलवली, तर ती काय समजेल, याचा विचार करा.

तुम्ही विचारलेला पोशाखाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. डोके झाकले तर आपली तत्त्वे सोडली असे होते का, असे तुम्ही लिहिता. माझी आजी गोषातल्या घरात नांदली. घरापुढे मेणा यायचा, दोन्ही बाजूंना पडदे धरले जायचे आणि मग ती आत बसायची. हे कोल्हापुरातलेच, फार जुने नव्हे. परक्या घरी जाताना त्या घरच्या पद्धतीने डोक्यावर पदर घेणे याला मी सभ्यपणा म्हणेन, आणि बळजबरी झाली तर बळजबरी म्हणेन. दोन्हींत कापड तेच असते. कोणत्या वेळी काय आहे हे तुमचे तुम्हाला कळेल, त्यासाठी माझ्या सल्ल्याची गरज नाही.

त्याहून मला चिंता आहे ती दवाखान्याची. बामियान समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० मीटर उंचीवर आहे, रस्ते खिंडींतून जातात आणि अपघात किंवा पोटाचे दुखणे पर्यटक ओळखत नाही. स्त्री रुग्णाला पुरुष डॉक्टरने तपासण्यावर तिथे अडचणी येतात आणि डिसेंबर २०२४ पासून मुलींना परिचारिका आणि सुईणीचे शिक्षणही बंद झाले आहे, म्हणजे आहेत त्या स्त्री वैद्यांची पुढची फळी तयारच होत नाही. ३१ ऑगस्ट २०२५ च्या रात्री पूर्वेकडच्या कुनार भागात ६ रिश्टरचा भूकंप झाला आणि दोन हजारांहून अधिक माणसे गेली. त्यानंतर महिनाभरातच सरकारने देशभरचे इंटरनेट जवळजवळ दोन दिवस बंद ठेवले. तुमचा सगळा आधार व्हॉट्सॲपवर आहे, म्हणून ही दुसरी गोष्ट मुद्दाम सांगते. त्या दोन दिवसांत तुम्ही तिथे असता तर तुमच्या मुलीला तुमचा पत्ता कोणी दिला असता? घरी तर तुम्ही ताश्कंदमध्ये असणार होतात.

आपल्या दूतावासाला काबूलमध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा पूर्ण दर्जा मिळाला, ही चांगली गोष्ट आहे. पण काबूलपासून खिंडीपलीकडे अडकलेल्या माणसापर्यंत पोहोचणे कोणत्याच दूतावासाला सोपे नसते. प्रवास विम्याचा कागद नीट वाचा. बहुतेक विम्यांत युद्धग्रस्त प्रदेश आणि सरकारने जाऊ नका असे सांगितलेला प्रदेश वगळलेला असतो, आणि ते बारीक अक्षरांत असते. परदेशी बँकांची कार्डे तिथे चालतील असे धरून चालू नका. सगळा व्यवहार रोखीचा, म्हणजे पैसे चोरीला गेले की माणूस उघडा पडला.

आता घरचे. ‘परवानगी नको, पाठिंबा हवा’ हे तुमचे वाक्य मला आवडले आणि त्यामागचा ताठ कणाही आवडला. पण ज्या पत्रात ते लिहिले आहे, त्याच पत्रात घरच्या पुरुषाला न सांगता जाता यावे म्हणून परक्या पुरुषाला भाऊ करायची तयारी आहे. मला हे वाचून हसू आले नाही, वाईट वाटले. ज्या बंधनाला तुम्ही घरात उभे राहून ‘नाही’ म्हणू शकता, त्याहून कितीतरी जाचक बंधन तुम्ही तिथे खोट्या कागदाने मान्य करणार, आणि या टोकाला नवऱ्याशी खोटे बोलणार.

पतीचे ‘नको’ नेमके कशाला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? पत्रात ते कुठे दिसत नाही. त्यांचे भय सासूबाईंच्या भयासारखेच असेल, असे तुम्ही गृहीत धरले आहे. कदाचित तसेही असेल. कदाचित मुलीची सातवीची परीक्षा असेल, कारखान्याचे हप्ते असतील, किंवा तुम्ही परत आला नाहीत तर या मुलीला मी काय सांगू, एवढेच असेल. एक रविवार काढा. नकाशा, हे सगळे तपशील, खर्चाचा आकडा आणि तुमचे ते पंधरा वर्षांचे टिपण त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, ‘यातली कोणती गोष्ट तुम्हाला नको आहे?’ उत्तर ‘मुसलमान’ असे आले तर तुम्हाला वाद घालायला पुष्कळ जागा आहे. उत्तर ‘दवाखाना’ असे आले तर माझे मत त्यांच्या बाजूने पडेल. सासूबाईंशी मात्र वाद घालू नका. त्यांना पोहाळ्याची लेणी दाखवायला घेऊन जा. सून काय पाहायला इतकी तडफडते आहे, हे त्यांनी कधी पाहिले आहे का?

माझा निर्णय विचारला आहेत तर सांगते : या सप्टेंबरात बामियानला जाऊ नका. हा निर्णय कायमचा नाही. पती स्वतःहून सोबत यायला तयार झाले, खोट्या कागदाची गरज उरली नाही, वर्षभरात तिकडची परिस्थिती निवळली आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना बदलल्या, तर मी हे पत्र पुन्हा वाचेन. तोवर जे खोटे सांगणार होता, तेच खरे करा. उझबेकिस्तानला खरोखरच जा. तिर्मिझ हे अमू दर्याच्या काठचे गाव तुम्ही केवळ सीमा ओलांडण्यासाठी निवडले होते, पण तिथेच फयाझ तेपे आणि कारा तेपे हे कुषाणकालीन बौद्ध विहार आहेत. पुढे ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे येथे अजिना तेपेहून आणलेली सुमारे १३ मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती संग्रहालयात आहे. चिनी बौद्ध यात्रेकरू ह्युएनत्संग सुमारे ६३० मध्ये याच भागातून बामियानला गेला आणि पुढे आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला, हे मी इतिहासाच्या प्राध्यापिकेला सांगणे म्हणजे काजव्याने सूर्याला दिवा दाखवणे. तरीही त्याने चाललेली वाट त्याच क्रमाने चालायचा हट्ट कशाला? आणखी एक, बामियानच्या ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या मूर्ती मार्च २००१ मध्ये उडवल्या गेल्या, त्याआधी १९६९ ते १९७७ या काळात आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने अफगाणांबरोबर तिथे जतनाचे काम केले होते. जे आज तिथे जाऊन दिसणारच नाही, ते पाहिलेल्या आणि हाताळलेल्या माणसांचे काम दिल्लीत शोधता येते. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, याचे मला नवल वाटले.

आणि त्याही आधी, पुढच्या उन्हाळ्यात, कारगिलला जा. श्रीनगरहून झोजी ला ही खिंड ओलांडून कारगिल, तिथून दक्षिणेला सुरू खोऱ्यात साधारण ४० किलोमीटरवर सांकू, आणि त्याच्याजवळ कार्त्से खार. तिथे कातळात कोरलेली सुमारे सात मीटर उंचीची मैत्रेयाची, म्हणजे भावी बुद्धाची, मूर्ती उभी आहे. आजूबाजूचे सगळे गाव शिया मुसलमान आहे, आणि मूर्ती जागच्या जागी आहे. नियंत्रण रेषा जवळ असल्यामुळे जाण्याआधी प्रशासनाच्या सूचना पाहाव्या लागतात, पण दवाखाना, पोलीस, बँक आणि तुमचा मतदारसंघ नसला तरी तुमचाच देश, हे सगळे तिथे आहे. दुर्गम भाग, कडक धार्मिक वातावरण, अनोळखी भाषा या तिन्हींची सवय तिथे होते; आणि ती सवय पहिल्यांदाच बामियानला करून घेऊ नये. मोटारसायकलवरून नुब्रातल्या तुर्तुकला निघालेल्या ज्या दोघा-तिघा तरुण वाचकांनी अशीच पत्रे पाठवली आहेत, त्यांनाही पुढचे लागू आहे.

अशा गावांत शिरताना पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहू द्या. बायकांचे चित्र तर विचारूनही काढू नका, कारण पुढ्यात उभ्या असलेल्या पाहुण्याला ‘नाही’ म्हणणे त्यांना जड जाते आणि त्यांचा होकार पुष्कळदा भिडेचा असतो. पुरुषांपुढे हात करू नका. उजवा हात छातीवर ठेवून मान लववली की पुरे. एखादी वस्तू फार सुंदर आहे असे दोनदा म्हणू नका, ती तुमच्या पिशवीत येईल. भाकरी तुकडा मोडून उजव्या हाताने घ्या आणि पालथी ठेवू नका. मोहरमच्या दिवसांत तिथे जाणार असाल, तर हे लक्षात ठेवा की आपल्याकडचा मोहरम जत्रेसारखा असतो. तिथे तो सुतकाचा आहे. रंगीत कपडे, मोठ्याने हसणे, पायरीवर बसून चित्रे काढणे, यातले काहीच तेव्हा नको. घरातल्या बायकांत तुम्हाला जागा मिळेल, जी तुमच्या पुरुष सहप्रवाशांना मिळणार नाही. स्वयंपाकघरात बसा. तुमच्या अभ्यासाला त्याचा उपयोग नसेल, पण त्या घराला तुम्ही कोण आहात हे तिथेच कळते. पैसे यजमानाच्या हातात सर्वांदेखत देऊ नका. निघताना घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या हाती, ‘मुलांच्या खाऊला’ म्हणून द्या, आणि नेहमीच्या दरापेक्षा कमी देऊ नका.

हे शेवटचे मी कुठे शिकले ते सांगते. आठ वर्षांपूर्वी मी आणि माझी मैत्रीण सांकूच्या पुढे एका घरी दोन रात्री राहिलो होतो. सप्टेंबर होता, दिवसा ऊन आणि रात्री बोटे वळणार नाहीत अशी थंडी. आम्हाला खोलीत दोन जाड रजया दिल्या होत्या. निळ्या फुलांच्या, कापूस नवा भरलेला. पहाटे मी पाणी प्यायला बाहेर आले. चुलीच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. आत त्या घरातल्या दोघी मुली आणि त्यांची आजी एका जुन्या सतरंजीत एकमेकींना बिलगून झोपल्या होत्या आणि धाकटीचे पाय बाहेर आले होते. पायांत दोन जोड मोजे होते. सकाळी मी विचारले, तर आजी हसून म्हणाली, पाहुण्याला थंडी लागली तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. दुसऱ्या रात्री आम्ही एक रजई परत दिली, तर ती घेतली नाही; वाद घालून, हातापाया पडूनही घेतली नाही.

तेव्हा तुम्ही जाल तेव्हा सामानात पुस्तके कमी करा आणि आपल्याकडचे एक चांगले घोंगडे घेऊन जा. पोहोचल्याबरोबर, रजया काढायच्या आधीच ते पसरून दाखवा आणि सांगा की याच्याशिवाय आम्हा कोल्हापूरच्या माणसांना झोप येत नाही.